रेघ आधी, नाव मागून

थ्रिलरच्या सुरुवातीला नावांमधून रक्त ठिबकायला लागलं की माझा त्या सिनेमावरचा निम्मा विश्वास तिथेच उडतो. गोष्ट अजून सुरू व्हायचीय, आणि हे आपले आधीपासूनच ‘घाबरा, घाबरा’ म्हणून मागे लागलेले! म्हणून भाच्यानं त्याच्या कॉलेजच्या मंडळींनी केलेल्या १८ मिनिटांच्या थ्रिलरची टायटल्स करून मागितली तेव्हा मी पहिली अट घातली, रक्त नाही. दुसरी अट त्यानं घातली, पैसे नाहीत. सौदा जमला.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. १९५० साली सुरू झालेल्या इथल्या फाइन आर्ट्समध्ये उपयोजित कला शिकले आणि पुढे जन्मभर औषधांची खोकी, फरसाणाची पाकिटं, बियाण्यांच्या पिशव्या यांवर अक्षरं बसवत आले. खोक्यावरचं अक्षर हलत नाही. ते कोण, किती वेळ आणि कोणत्या क्रमानं वाचणार हे गिऱ्हाइकाच्या हातात असतं. पडद्यावर हे तिन्ही आपल्या हातात येतं. एवढा अधिकार मला आयुष्यात प्रथमच मिळत होता, तर सोडते कशाला?

सिनेमाचं नाव ‘वरचा मजला’. दांडिया बाजारातलाच एक जुना वाडा. खाली मालकांचं कुटुंब, वर एक भाडेकरू, ज्याला घरातल्या धाकट्या पिढीनं कधी पाहिलेलंच नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जिन्याच्या खालच्या पायरीवर भाड्याचे पैसे आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी. मग एक दिवस धाकटी नात जिना चढून वर जाते. पुढचं सांगत नाही, पोरं माझा जीव घेतील. एवढंच सांगते की चिठ्ठ्या कोण लिहितं हा सगळा प्रश्न आहे, आणि संवाद निम्मे मराठीत, निम्मे गुजरातीत आहेत, आमच्या घरांत असतात तसेच.

पोरांनी स्वतः एक नमुना करून आणला होता. काळा पडदा, मधोमध पांढरी बारीक अक्षरं, आणि ती सावकाश एकमेकांपासून लांब सरकतायत. इंग्रजी थ्रिलरमध्ये हे हजारदा पाहिलेलं आहे, आणि तिथे ते खरंच काम करतं. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर सुटं असतं. दोन अक्षरांत हवा भरली की शब्द ताणला जातो, आणि बघणाऱ्याच्या पोटातही काहीतरी ताणलं जातं. देवनागरीत तीच युक्ती केली की शिरोरेखा तुटते. ‘मजला’तले म, ज, ला आपापला डोक्यावरचा तुकडा घेऊन तीन दिशांना निघतात आणि ताणाऐवजी मोडतोड दिसते. एकेक अक्षर वेगळं हलवायला गेलं तर आणखी गंमत. सॉफ्टवेअर नीट बेतलेलं नसेल तर ऱ्हस्व इकार अक्षर सोडून भलतीकडे उतरतो आणि जोडाक्षरांचे हलन्त उघडे पडतात. ‘दिग्दर्शक’ हा शब्द या कामात पहिला बळी जातो. बिचाऱ्याचं नाव शेवटी येतं, आणि येतं तेही लंगडत.

भाच्याचं म्हणणं, मग फाँट बदलू. मी म्हटलं, फाँटनं हे सुटणार नाही. आपल्या लिपीत सगळा शब्द एका रेघेवर टांगलेला आहे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. कपडे एकमेकांपासून लांब करायचे तर दोरी आधी लांब हवी. म्हणजे ताण निर्माण करायचा तो रेघेतून करावा लागेल, अक्षरांमधल्या हवेतून नाही.

इथे थोडं मागे जाते. नावांची यादी म्हणजे लोक आसनं शोधतात, पिशव्या मांडीवर घेतात तो वेळ, असंच पुष्कळ वर्षं होतं. आपल्याकडेही आणि तिकडेही. सॉल बास हा न्यूयॉर्कमधून आलेला पोस्टर करणारा माणूस. त्यानं १९५५ साली ऑटो प्रेमिंजरच्या एका चित्रपटासाठी काळ्या पडद्यावर पांढऱ्या कागदी पट्ट्या सरकवल्या आणि शेवटी त्यांचा एक वेडावाकडा हात केला. चित्रपट व्यसनात अडकलेल्या माणसाचा होता. रिळांच्या डब्यांवर ऑपरेटरसाठी सूचना चिकटवलेली होती की टायटल्स सुरू व्हायच्या आधी समोरचा कापडी पडदा उघडा. याचा अर्थ तोवर बंद पडद्यावरच नावं उमटवून मोकळं व्हायची सवय होती! १९६० मध्ये हिचकॉकच्या ‘सायको’साठी त्यानंच फक्त आडव्या-उभ्या पट्ट्या वापरल्या. त्या येतात, नावं कापतात, जातात. रक्त नाही, सुरा नाही, घर नाही. नुसत्या पट्ट्या आणि बर्नार्ड हरमनची तंतुवाद्यं.

मग १९९५ चा ‘सेव्हन’. काइल कूपरनं केलेल्या त्या टायटल्समध्ये खुन्याचे हात दिसतात. वह्या शिवणारे, कात्रणं चिकटवणारे, ब्लेडनं बोटांची कातडी सोलणारे. माणूस स्वतः पडद्यावर यायला कितीतरी अवकाश असतो, पण त्याच्या हातांची आणि आपली ओळख आधीच झालेली असते. नावं खरडलेली, थरथरणारी. त्यानंतर जगभर इतकी थरथरणारी अक्षरं आली की आज ती थरथर म्हणजे थ्रिलरचा गणवेश झाला आहे. पोरांच्या दुसऱ्या नमुन्यात ती होतीच. म्हणजे हात दाखवायची कल्पना काही माझी नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या कामातून घ्यायचं ते थरथर नव्हे. ते कूपरला पुरेसं नीट समजलेलं होतं, नक्कल करणाऱ्यांनी वरचा पापुद्रा तेवढा उचलला.

माझ्या समजुतीनं घ्यायचं ते असं. माणूस वाचत असतो तेव्हा त्याला बाकी काही नीट दिसत नाही. वाचताना स्वच्छ दिसतं ते नजरेच्या मध्यावरचं फार थोडं. बाजूचं सगळं अंदाजानं. पडद्यावर नाव आलं की डोळे आपोआप त्याच्याकडे धावतात, वाचायचं नाही असं ठरवूनही वाचलं जातं. म्हणजे टायटल्सच्या त्या मिनिटभरात प्रेक्षकाची नजर कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक असतं, आणि कुठे नाही हेही. थ्रिलर करणाऱ्याला याहून मोठी सवलत कुठे मिळणार? पुरावा लपवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे नावाच्या शेजारी, उजेडात.

तर पुरावा कोणता लपवायचा? चिठ्ठ्या लिहिणारं माणूस डावखुरं आहे. (हे इथे उघड करायला दिग्दर्शकाची परवानगी आहे. सिनेमात डावखुरी माणसं दोन आहेत, त्यामुळे फार काही बिघडत नाही.)

आता रेघेकडे परत. बडोद्याच्या मराठी माणसाचं या रेघेशी नातं जरा विचित्र आहे. घराबाहेर पडलं की रेघ नाही. गुजराती लिपीनं शिरोरेखा कधीच सोडून दिली. दुकानाची पाटी, बसचा फलक, विजेचं बिल, सगळी अक्षरं डोक्यावर काही न घेता उभी. घरात पत्रिका, आरत्यांचं पुस्तक, आजीची पाककृतींची वही, सगळं रेघेखाली. लहानपणी गुजराती वाचायला शिकवताना वडील देवनागरी शब्द लिहायचे आणि वरची रेघ खोडरबरानं पुसायचे. व, र, म ओळखीचे राहायचे, ज आणि च मात्र एकदम अनोळखी होऊन बसायचे. पोरांच्या सिनेमातला वाडाही असाच. जिन्याच्या खाली एक लिपी, वर दुसरी.

आणि मोडी. माझ्या आजोबांना मोडी यायची. गायकवाडी दफ्तरातले मोडी कागदांचे कापडात बांधलेले रुमालच्या रुमाल बडोद्यात आहेत, आणि त्यांच्या नोकरीच्या काळात ती वाचणारे कारकून अजून होते. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्यावर रेघ मारतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो, शक्यतो हात न उचलता. आजोबा कोऱ्या कागदावर नुसत्या रेघा ओढून ठेवत. मला तेव्हा वाटायचं, हे वही आखतायत. ते मजकुराची निम्मी तयारी करून ठेवत असत.

रेघ आधी येते, रिकामी. तिच्याखाली कोण येणार हे माहीत नसतं, पण कोणीतरी येणार हे नक्की असतं. थ्रिलरला आणखी काय हवं?

चित्रिकरण कसं करायचं ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीनं सुचवलं. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी करायला लावली, त्यातलं हे मोठं. तिथल्या पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेच्या लाद्यांची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. खाली उभं राहिलं की वर चालणाऱ्याच्या तळपायांच्या नुसत्या सावल्या दिसतात. माणूस दिसत नाही. कॉलेजात असताना तिथे पुस्तक शोधायच्या नावाखाली मी मान वर करून उभी राहायची. ‘वरचा मजला’ची टायटल्स खालूनच दिसली पाहिजेत, हे मला त्या सावल्यांमुळे कळलं. प्रेक्षक खालच्या मजल्यावरचा. वर कोणीतरी लिहितंय.

दोन स्टुलांवर काच, काचेवर ट्रेसिंग पेपर, वर टेबललॅम्प, खाली जमिनीवर उताणा ठेवलेला मोबाइल. खालून पाहिलं की अक्षर अर्थातच उलटं दिसतं. एडिटिंगमध्ये आडवं उलटवलं की अक्षरही सुलट आणि हातही खरा, म्हणजे डावा हात डावाच. लिहायला आमची साउंड सांभाळणारी मुलगी, गटातली एकुलती एक डावखुरी. गुजराती घरची, देवनागरी शाळेतल्या हिंदीतून आलेली. बोरूची लेखणी तिनं जन्मात धरली नव्हती. उजव्या हाताच्या माणसासाठी बोरू छाटतात त्याच्या उलट तिरका छाटून दिला आणि दोन संध्याकाळी नुसत्या रेघा काढून घेतल्या. मग ‘ल’ला घोडं अडलं. ती हिंदी वळणाचा ल काढायची, आणि चिठ्ठ्या लिहिणारं माणूस मराठी वळणाचा काढणार.

“मासी, आ ल आवो केम?”

“कारण ह्या बाईंच्या बाईंनी तसा शिकवला,” मी म्हटलं. तिनं मान डोलावली. शाळेतल्या बाईंचा हवाला दोन्ही भाषांत चालतो.

शाई ट्रेसिंग पेपरात मुरत नाही. ती वर बसून राहते, आणि खालून दिव्याच्या उजेडात रेघेची कड आधी तपकिरी, मध्ये काळीकुट्ट दिसते. थोड्या वेळात ओलाव्यानं कागद रेघेखालीच फुगायला लागतो. सरळ ओढलेली रेघ आपली आपण किंचित लहरते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरनं केलेल्या थरथरीपेक्षा मला शंभर पटींनी आवडलं, कारण यात कोणी घाबरवायला बघत नाहीये. कागद ओला झालाय, बस. हाताची सावलीही तशीच. कागदाला टेकलेली करंगळीची कड काळी आणि ठसठशीत, मनगटाकडे ती पुसट होत जाते, कोपर असून नसल्यासारखं.

आणि एक गोष्ट जी मी डोक्यात बेतलेली नव्हती, काचेखाली आडवं पडून पाहिल्यावरच कळली. उजव्या हातानं लिहिणारा पुढे सरकतो तसा मागचा शब्द मोकळा होत जातो, आपण त्याच्याबरोबर वाचत जातो. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्या अक्षरांच्या मागोमाग येतो, त्यांच्यावरून. नाव पूर्ण होतं तरी ते सावलीखाली असतं. हात उचलला की मगच एकदम सगळं वाचता येतं. प्रत्येक नावापाशी प्रेक्षक अर्धा-पाऊण सेकंद थांबून राहतो आणि का थांबलोय हे त्याला कळत नाही. शिवाय रेघ. डावखुऱ्याला ती उजवीकडून डावीकडे ओढणं सोपं, कारण बोरू ढकलण्यापेक्षा खेचलेला बरा. आमच्या सगळ्या टायटल्समध्ये रेघ उजवीकडून येते. मी हे मुद्दाम कोणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दिग्दर्शकालाही दिसलं नाही, कारण तो स्वतःचं नाव यायची वाट बघत होता.

पडद्याच्या वरच्या बाजूला अगदी पहिल्या सेकंदापासून एक लांब रेघ आहे. ती वेगळी चित्रित करून जोडली. नावं तिच्या खाली, आपापल्या छोट्या रेघांवर येतात आणि जातात. वरच्या रेघेकडे कोणी बघत नाही. सगळी नावं संपल्यावर तिच्याखाली अक्षरं लटकतात, व, र, चा, आणि मग मजला. सिनेमाचं नाव साधारणपणे मुख्य कलाकारांच्या नावांनंतर लगेच येतं आणि दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. आम्ही दिग्दर्शकाच्याही नंतर ठेवलं. यावर एक अख्खी संध्याकाळ भांडण झालं. ते मी आत्या असल्याच्या जोरावर जिंकले, गुणवत्तेवर नाही.

तांत्रिक भानगडी कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून घाईघाईत सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोबाइल आपल्या मर्जीवर सोडला तर एलईडी दिव्याखाली चित्रावर काळ्या पट्ट्या सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करायचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असेल तर टायटल्सही २४ वरच चित्रित करायची. मोबाइलच्या ३० फ्रेम्स नंतर २४ मध्ये बसवल्या की सावकाश सरकणारी रेघ अडखळते, आणि आमच्याकडे रेघेशिवाय दुसरं होतंच काय! एक नाव किती वेळ ठेवायचं याचा जुना हिशोब म्हणजे मनात दोनदा सावकाश वाचून व्हायला हवं. ७२ फ्रेम्स, म्हणजे तीन सेकंद, बहुतेक नावांना पुरतात. आमच्यात हात उचलल्यानंतरचे तीन.

आवाजाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. पोरांना सुरुवातीपासून संगीत हवं होतं, खर्जातलं घुमणारं काहीतरी, जे आजकाल सगळीकडे असतं. मी म्हटलं, आधी बोरूचा आवाज ऐका. सुकत आलेला बोरू कागदावरून जाताना बारीक करकरतो, शाईत बुडवून आणलेला जवळजवळ मुका असतो. म्हणजे प्रत्येक नावाच्या शेवटी शेवटी आवाज वाढतो आणि दौतीत बुडवला की तुटतो. काचेच्या खालच्या बाजूला छोटा माइक चिकटवून तो घेतला. काचेमुळे त्यात एक पोकळ घुमारा आला, वर कोणीतरी फरशी घासतंय असा. संगीत करणाऱ्या मुलानं ते ऐकून स्वतःच आपला तुकडा सिनेमाच्या पहिल्या प्रसंगापर्यंत पुढे ढकलला. त्याचं मला फार कौतुक वाटलं. विशीत आपलं काम मागे घेणं सोपं नसतं.

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, १८९० च्या सुमाराला. फोटोग्राफीचे धडे तिथेच गिरवले. पुढे छापखान्याचं काम केलं आणि मग १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. मूकपटात मधेमधे मजकुराच्या पाट्या यायच्या, म्हणजे पडद्यावर अक्षर किती वेळ ठेवायचं हा प्रश्न त्यांच्यापुढेही असणारच, आणि तोही वेगवेगळ्या भाषा वाचणाऱ्या प्रेक्षकांसाठी. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना कलाभवन म्हणजे सध्या इंजिनिअरिंगवाल्यांचं आवार, एवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दोघं जण तिथे जाऊन सेल्फी काढून आली. असो, गेली तर.

आता स्पर्धांना पाठवायची घाई सुरू झाली आहे. एका ठिकाणी मर्यादा १५ मिनिटांची. भाचा म्हणतो, आत्या, टायटल्सच कापू, सव्वा मिनिट वाचेल. मी त्याला म्हटलं, मधला जिन्याचा प्रसंग दोनदा सांगितला आहेस, तो एकदाच ठेव, मिनिटभर तिथे मिळेल. ‘विशेष आभार’मधली नावं शेवटच्या यादीत ने. त्यात सोसायटीचा वॉचमन, दोन मावश्या आणि ज्यानं फक्त स्कूटर दिली तो मित्र, असे सगळे सुरुवातीलाच आहेत. आणि कथा, पटकथा, संवाद, संकलन या चार पाट्यांवर तुझंच नाव चार वेळा आहे, ते एका पाटीवर आण. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं त्याला मान्य आहे.